उमरेडकर बाईंचं एक खोटं

उमरेडकर बाई गेल्याची बातमी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आली, तेव्हा एकूण पाच जणांनी हात जोडले. त्यात एक मी. तासाभरात कुणीतरी पाण्याच्या टँकरची वेळ विचारली, त्यावर वीस-पंचवीस निरोप आले आणि बाई वर सरकत दिसेनाशा झाल्या.

हिंदी मुलखातल्या या शहरात, बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत शंभराच्या वर घरं आहेत. त्यातल्या निम्म्या घरांत तरी बाई कधी ना कधी जमिनीवर मांडी घालून, मांडीवर कुणाचा तरी लॅपटॉप घेऊन बसलेल्या आहेत. मुलांच्या परीक्षा, पोरींच्या मुलाखती, अमेरिकेतल्या नातवंडांचे वाढदिवस, सगळं त्यांनी वेळेवर जोडून दिलेलं. पण शेवटची दोन वर्षं त्यांना कुणी बोलावत नव्हतं. त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या तेव्हा सामानाचा टेम्पो फाटकाबाहेर पडताना मी गॅलरीतून पाहिला. खाली उतरले नाही.

बाई उंच आणि काटकुळ्या. आवाज मात्र जाड, बाजूच्या खोलीतून ऐकला तर पुरुषाचा वाटावा असा. मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत त्या तीसेक वर्षं सहायक होत्या. शिकवायचे दुसरे, पण न चालणारं यंत्र चालवून दाखवायची वेळ आली की बाईंना हाक. मुली त्यांना मॅडम म्हणत, प्राध्यापक नुसतं "उमरेडकर!" म्हणत. त्या एकट्याच होत्या. नोकरीभर कोटरा सुल्तानाबादच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या आणि निवृत्तीनंतर आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या लॅपटॉपमुळे. मी घरून शाळेच्या पुस्तकांची प्रूफं तपासते. एका दुपारी पाचच्या आत फाइल पाठवायची होती आणि तीन वाजता उघडून पाहते तर लॅपटॉपवरचं नेट गेलेलं. फोनवर नेट चालू, लॅपटॉपवर नाही. कंपनीच्या मदत केंद्रातला माणूस राउटर बंद करून चालू करा, एवढंच पुन:पुन्हा सांगत होता. शेवटी शेजारच्या श्रीवास्तव आंटी म्हणाल्या, "उमरेडकर मैडम को बुला लो. आपकी ही तरफ की हैं."

बाई आल्या. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. लॅपटॉपला हातही लावला नाही. खाली बसल्या आणि विचारलं,

"शेवटचं कधी चाललं होतं?"

"सकाळी. अकरापर्यंत तरी होतं."

"त्यानंतर घरात काय झालं?"

"घरात? काही नाही. आपोआपच बंद पडलं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपोआप फक्त धूळ बसते, बाई. बाकी सगळं कुणीतरी केलेलं असतं. आठवा."

मला राग आला होता. घड्याळ पुढे सरकत होतं आणि ही बाई माझी उलटतपासणी घेत बसली होती. पण धुळीवरून मला आठवलं. बाराच्या सुमाराला मी लॅपटॉप ओल्या फडक्यानं पुसला होता. बाईंनी यंत्र उचललं, उजव्या कडेवरून नख फिरवलं आणि नखाएवढंच एक बटण मागे सरकवलं. ते वायरलेसचं बटण आहे हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. फडक्यानं ते सरकलं होतं.

मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "थांब. आता सांग, काय झालं होतं?"

"नेट बंद पडलं होतं."

"अर्धं वाक्य झालं. कुणी बंद केलं? तू प्रूफं तपासते ना? मग कर्ता कुठे आहे?"

"मी पुसताना बटण सरकवलं," मी शाळेतल्या मुलीसारखी म्हणाले.

"हं. असं बोलावं," म्हणत त्यांनी पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची वही काढली. तारीख, माझं घर, काय बिघडलं, काय काय करून पाहिलं, कशानं चाललं, सगळं एकाखाली एक लिहिलं. वहीची ही सवय त्या प्रयोगशाळेतून घेऊन आल्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती लिहायची, मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसावर त्या खरोखर चिडत. "मग चाललं कशानं, हे तुझ्या बापाला कळणार आहे का?" त्या ओळखीच्या माणसाला बेधडक म्हणत, आणि ओळख व्हायला त्यांना एक चहा पुरे होता.

त्यांच्या स्वतःच्या घरी नेट नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मला कोण बोलून राहिलं, बाप्पा? बहीण आहे, ती फोनवर भांडते." बिट्टन मार्केटचा भाजीबाजार मात्र चुकवत नसत. बसनं जात, दोन्ही हातांत ओझं घेऊन येत. एकदा मी बरोबर होते. त्या प्रत्येक टोमॅटो उलटा करून देठापाशी पाहत होत्या. भाजीवाला वैतागून म्हणाला, "मैडम, शादी नहीं करनी इससे." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उसमें तो लोग देखते भी नहीं."

बाईंना मी मोकळं हसताना एकदाच पाहिलं, श्रीवास्तवांची गोष्ट सांगताना. श्रीवास्तव अंकल निवृत्त झाल्यापासून दिवसभर लॅपटॉपवर जुन्या क्रिकेटच्या मॅचेस बघत. त्यांचं नेट रोज दुपारी एकच्या ठोक्याला जायचं आणि अर्ध्या तासानं परत यायचं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आपलं नेट चोरतो अशी त्यांची खात्री होती, आणि त्यावरून भांडणंही झाली होती. बाई तीन दिवस दुपारी तिथे जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या तर आंटी फ्रिजच्या मागे हात घालून राउटरचं बटण बंद करताना सापडल्या. हातात लाटणं तसंच.

"बुलाती हूँ तो उठते नहीं हैं," आंटी कुजबुजल्या. "रोटी ठंडी हो जाती है. मैं अकेली खाती हूँ."

बाई बाहेर आल्या आणि अंकलना म्हणाल्या, प्लग ढिला होता, घट्ट केला. पण मशीन तापतं, त्याला रोज एक ते दीड विश्रांती द्या. अंकलनी ते औषधाच्या वेळेसारखं पाळलं. एक वाजला की लॅपटॉप बंद, आणि मग करायला दुसरं काही नाही म्हणून जेवायला. वरच्या भाडेकरूशी बोलणंही सुरू झालं.

"कर्ता लपवला तुम्ही," मी चिडवलं.

"लपवला," त्या म्हणाल्या. "लोकांच्या घरात आपण वायर पाहायला जातो. बाकीचं पाहिलं तरी पाहिलं म्हणू नये."

ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

आमच्या समोरच्या घरात निशांत आणि पल्लवी राहत. निशांत एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर. मूळचा अमरावतीकडचा, बोलायला मऊ. फाटकातून येताना कुणी म्हातारं माणूस दिसलं तर थांबून फाटक धरणारा. कॉलनीच्या समितीत होता; फाटकावरचे कॅमेरे त्यानंच बसवून घेतले होते. पल्लवी अकोल्याची, लग्नाला दोन वर्षं झालेली. बरोबर तिची सासू. पल्लवीचे वडील शाळामास्तर होते. रोज सकाळी दहाला, निशांत कामावर गेला की ती लॅपटॉप उघडून वडिलांशी बोलायची. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की तिचं हसणं आमच्या स्वयंपाकघरात यायचं.

मग ते यायचं थांबलं. तिचा फोन नळाखाली पडून गेला होता आणि नवा "या आठवड्यात" येणार होता. ते आठवडे संपत नव्हते. त्यात लॅपटॉपचं नेटही गेलं. वडिलांचं काहीतरी छोटं ऑपरेशन झालं होतं. निशांतच्या फोनवर तिचा भाऊ बोलायचा आणि निशांत तिला सांगायचा की बाबा बरे आहेत, आराम करताहेत.

एका मंगळवारी सासू इंदूरला मुलीकडे गेली होती. पल्लवी माझ्या दारात आली. "काकू, त्या लॅपटॉपवाल्या बाईंना बोलवाल का? हे म्हणतात मशीन जुनं झालंय. पण अचानक कसं जुनं होईल?"

मी बाईंना घेऊन गेले. बाईंनी घड्याळ काढून ठेवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटचं कधी चाललं? तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी. त्यानंतर घरात काय झालं?

पल्लवीनं मागे दाराकडे पाहिलं. "काही नाही. म्हणजे... थोडं वाजलं होतं आमचं. पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कामाला लागल्या. कडेचं बटण ठीक होतं. घरचं नेटवर्क लॅपटॉपला दिसत होतं, पासवर्डही बरोबर होता, पण जोडलं जात नव्हतं. त्यांनी ते नेटवर्क लॅपटॉपला विसरायला लावलं, पुन्हा जोडलं. नाही. राउटर बंद करून चालू केला. नाही. स्वतःचा फोन त्याच राउटरला जोडला. लगेच जोडला गेला. मग माझ्या फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. तेही लगेच चाललं. पल्लवीनं टाळी वाजवली.

"म्हणजे राउटर ठीक आहे," मी म्हणाले. "आणि लॅपटॉपही ठीक आहे."

"हो," बाई म्हणाल्या. आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

पल्लवी चहा करायला आत गेली. बाईंनी लांब वायर काढून लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि राउटरच्या आतलं पान उघडलं. तिथेही पासवर्ड लागतो. निशांतनं वायफायचाच पासवर्ड तिथेही ठेवला होता. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. त्या पानावर एक यादी असते. ज्या यंत्रांना दाराबाहेर ठेवायचं, त्यांची यादी. प्रत्येक यंत्राचा एक ठरलेला क्रमांक असतो, तो तिथे लिहिला की ते यंत्र आत येऊ शकत नाही. यादीत एकच क्रमांक होता. बाईंनी लॅपटॉपचा स्वतःचा क्रमांक काढून त्याच्याशेजारी धरला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. शेवटच्या अक्षरापर्यंत तोच.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आत कपबश्या वाजल्या. बाईंनी वहीत तो क्रमांक उतरवला, पान बंद केलं, वायर गुंडाळली.

पल्लवी चहा घेऊन आली. "कळलं काय झालंय ते?"

"कार्ड गेलंय," बाई म्हणाल्या. "आतलं वायफायचं कार्ड."

"पण काकूंच्या फोनवर चाललं ना आत्ता?"

"चालतं कधी, कधी नाही. मरताना असंच करतं."

त्यांनी तिला पिशवीतला छोटा प्लग दिला. तो लॅपटॉपला बाहेरून लावायचा, की त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर नेट चालतं. तो लावल्याबरोबर घरचं नेट चालू झालं. पल्लवीनं मेल उघडली, तर भावाचे सात-आठ न वाचलेले निरोप दिसले. पल्लवी ते उघडणार एवढ्यात फाटक वाजलं आणि तिनं लॅपटॉप झटकन मिटला. दूधवाला होता. पण ती तशीच हात ठेवून बसली आणि म्हणाली, "रात्री यांना विचारून वाचते."

घरी येताना मी बाईंना म्हणाले, "सांगायला हवं होतं का?"

"सांगून काय झालं असतं? त्या क्रमांकावर मी फुली मारली असती, तर संध्याकाळी त्याला कळलं असतं. आपण दोघी आपापल्या घरी. तिथे ती." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "प्लग दिलाय. चालेल तिचं."

चाललं नाही. शुक्रवारी निशांत लॅपटॉप घेऊन जाताना मला फाटकात भेटला. हसून म्हणाला, "मावशी, उमरेडकर मॅडमनी बरोबर सांगितलं. कार्ड गेलंय. दुरुस्तीला टाकतो. तो प्लग तात्पुरता, मंगळवारी रात्रीच काढला मी." पल्लवीनं लॅपटॉप स्वतःच्या हातांनी पिशवीत घालून दिला होता. कार्ड गेलंय हे तिला पटलेलं होतं, कारण बाईंनी सांगितलं होतं, आणि बाई उगाच काही सांगत नाहीत हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात ती मला भाजीच्या गाडीशी भेटली. "बाबा कसे आहेत?" मी विचारलं. "बरे आहेत म्हणतात. लॅपटॉप आला की बोलेन." माझा फोन माझ्या हातातच होता. मी मेथीची जुडी निवडली आणि वर आले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, सकाळी, समोरच्या घरापाशी एक रिक्षा थांबली. तरुण मुलगा उतरला. डोकं पूर्ण भादरलेलं, नुसती खुंटं उगवायला लागलेली. त्यानं बेल वाजवली. पल्लवीनं दार उघडलं, "दादा!" म्हणाली आणि हसली. मग तिनं त्याचं डोकं पाहिलं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती उंबऱ्यावर बसली, बस्स. तो मात्र ओरडत होता. "तू आली नाहीस! तेरा दिवस वाट पाहिली आईनं! तुझी तब्येत बरी नाही, प्रवास नको, म्हणे! फोनवर बोलायलाही बरी नव्हतीस?" आणि ती एकच वाक्य म्हणत होती, "मला सांगितलंच नाही रे. मला कुणी सांगितलंच नाही."

निशांत कामावर होता. सासूनं आतून दार लोटून घेतलं. मी खाली जाऊन दोघांना घरी आणलं. दुपारच्या गाडीनं ती भावाबरोबर निघणार होती. निशांतनं पुढे समितीत सांगितलं म्हणे, सारखी माहेरी बोलत बसायची, घरात मनच लागत नव्हतं तिचं, जरा तोडलं की रुळतं माणूस; सासऱ्यांचं इतकं होईल असं कुठे वाटलं होतं. पुष्कळांना ते पटलंही.

बाईंना कुणी सांगितलं कोण जाणे. आमच्या हॉलमध्ये पल्लवी सोफ्यावर बसली होती, पाण्याचा पेला तसाच हातात. बाई आत आल्या, उभ्याच राहिल्या.

"पल्लवी, कार्ड गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. त्यानं तुझा लॅपटॉप राउटरमधून बंद केला होता. मला त्याच दिवशी दिसलं होतं."

पल्लवीनं हातातला पेला खाली ठेवला. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही आलात तो मंगळवार होता ना?"

"हो."

तिनं दिवस मोजले. खरंच मोजले, अंगठा पेरांवर ठेवत. "बाबा त्यानंतर अकरा दिवस होते," ती म्हणाली. "शेवटच्या दोन दिवसांपर्यंत बोलत होते, दादा म्हणाला."

बाईंचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला.

मग पल्लवी माझ्याकडे वळली. "काकू, तुम्हीही होतात ना तिथे?"

"मला त्यातलं काही कळत नाही गं," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

पुढचं सगळं बाईंनी आपण होऊन केलं. पल्लवीच्या भावानं निशांतवर केस करायला वकील केला, तेव्हा बाई त्याला जाऊन भेटल्या, जबाब दिला, वही दाखवली. त्या मंगळवारचं पान त्यात होतं, क्रमांकासकट. पल्लवीनं त्यांना बोलावलं नव्हतं. वकिलामार्फत निरोप आला, तोही "यायचं तर येऊ देत" एवढाच.

मग त्या माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या.

"वही माझीच, अक्षर माझंच. ते म्हणतील मागाहून लिहिलं. तू पडद्यावर पाहिलं होतं. दोघींनी सांगितलं तर वजन पडेल."

सुधीर, माझे यजमान, आतल्या खोलीतून बाहेर आले. "बाई, आम्हाला इथेच राहायचंय," ते म्हणाले. "समोरासमोर दारं आहेत आमची."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही हो. आकडेच होते ते."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही.

कॉलनीत ते पसरायला वेळ लागला नाही. ही मशीन बघायला येते की घरं बघायला, असं लोक म्हणू लागले. समितीनं एका कंपनीशी ठरवून टाकलं, तक्रार आली की त्यांचा माणूस येईल. बाहेरच्यांना घरात घेऊ नये. बाहेरच्या म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळत होतं. श्रीवास्तव अंकलना आंटीचं बटण कुणीतरी सांगितलं. ते आंटीवर नाही, बाईंवर रागावले. संध्याकाळी बाई फिरायला निघाल्या की बाकांवरचं बोलणं थांबायचं.

आणि तरी एकदा त्या आमच्याकडे आल्या. माझं नेट गेलं होतं, कंपनीचा माणूस दोन दिवस आला नव्हता, आणि फाइल पाठवायची होती. सुधीरनीच फोन केला. मला लाज वाटत होती. मी नको म्हणायला हवं होतं. बाई आल्या, घड्याळ काढून ठेवलं, खाली बसल्या. शेवटचं कधी चाललं, त्यानंतर काय झालं, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. नव्या अपडेटनंतर लॅपटॉपचं वायरलेस बसलं होतं. जुनं परत टाकल्यावर वीस मिनिटांत चालू झालं. मी पोह्यांची बशी पुढे केली. "पोट बरं नाही," त्या म्हणाल्या. घड्याळ बांधलं आणि गेल्या.

कोर्टातली उलटतपासणी त्यांनी मला सांगितली नाही. वकिलाच्या ऑफिसात काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडून कळलं. निशांतच्या वकिलानं विचारलं होतं, "उस दिन आपने पल्लवी जी से झूठ बोला था?"

"जी."

"उससे पहले भी लोगों के घरों में झूठ बोला है?"

"जी. एक बार."

"तो आज सच बोल रही हैं, यह कैसे मानें?"

बाई म्हणाल्या, "मत मानिए. नंबर मिला लीजिए."

पण तोवर राउटर बदललेला होता. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात हरवला, असं निशांतनं लिहून दिलं होतं. जुळवून पाहायला वहीतल्या एका ओळीशिवाय काहीच उरलं नव्हतं. तारखा पडत राहिल्या. निकाल बाई असेपर्यंत लागला नाही, अजूनही लागलेला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कोर्टातच, त्या नागपूरला जाण्याच्या थोडं आधी. आईच्या कागदांत नावाची चूक होती, त्याचं प्रतिज्ञापत्र करायला मी गेले होते. खालच्या नोटरीकडे गर्दी होती म्हणून कुणीतरी वर पाठवलं, आणि वरच्या व्हरांड्यात वळल्यावर समोरच लांब लाकडी बाक. एका टोकाला पल्लवी, तिचा भाऊ. त्याचे केस पुरते वाढलेले. दुसऱ्या टोकाला बाई. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा. थंडी होती, बाईंनी इस्त्रीच्या सुती साडीवर करडा स्वेटर घातला होता, कोपरावर विरलेला. फार बारीक झाल्या होत्या. पल्लवी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिनं मला पाहिलं असेल, पण नजर हलली नाही.

बाईंनी मला पाहिलं. नुसत्या हातभर सरकल्या, भिंतीकडे, आणि त्यांच्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

"जरा घाईत आहे, बाई," मी म्हणाले.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "जा तू."

जिन्यापाशी जाऊन मी मागे पाहिलं. शिपायानं नाव पुकारलं होतं. बाई भिंतीला हात टेकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पल्लवीला पुढे जाता यावं म्हणून बाजूला उभ्या राहिल्या. पल्लवी त्यांच्याकडे न पाहता आत गेली. मागून भाऊ गेला. मग बाईंनी स्वेटरची बटणं नीट केली आणि त्याही गेल्या.

मी खाली उतरले. कोर्टाच्या आवारात अर्धा-पाऊण तास नुसती उभी होते. मला कसलीच घाई नव्हती.